मामांची किल्ली

आमच्या धाकट्या मामांच्या टेबलाच्या खणात एक पितळी किल्ली आहे. घरातल्या एकाही कुलपाला ती लागत नाही. दर वर्षी दिवाळीच्या झाडलोटीत तो खण उपडा होतो आणि दर वर्षी मामी म्हणतात, "अहो, आता तरी ही मोडीत घाला!" मामा काही बोलत नाहीत. सदऱ्याच्या टोकाने किल्ली पुसतात आणि होती तिथे परत ठेवून देतात.

गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना मी न राहवून विचारले, "मामा, ही किल्ली आहे तरी कशाची?"

"नायजेरियातल्या शाळेची. प्रयोगशाळेतल्या कपाटाची," मामा म्हणाले. "परत द्यायची राहून गेली. चाळीस वर्षे होत आली त्याला."

चकली माझ्या हातातच राहिली. मामा तरुणपणी नायजेरियात मास्तर होते हे आम्हा भाचरांना ठाऊक होते. भरतकामाची गोल टोपी घालून ते आम्हाला 'सन्नू!' म्हणून हाक घालीत, आणि तो तिकडचा नमस्कार आहे असे सांगत. पण शाळेविषयी ते कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले. मीही पेशाने शिक्षिकाच. कॉलेजात मराठी शिकवते. शिवाय २०१८ साली धाकट्या बहिणीकडे लागोसला गेले असताना तिथली एक सरकारी माध्यमिक शाळा मी प्रत्यक्ष पाहिली होती. मामांनी सांगितलेले, मी पाहिलेले आणि पुढे वाचनात आलेले, असे तीन धागे जुळवून हा लेख लिहीत आहे. वाचकांना वाटेल, कुठला तो नायजेरिया नि कुठले आपण! शेवटपर्यंत वाचा, आणि मग सांगा.

गुरुजी म्हणजे 'मालम'

नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजी स्वतंत्र झाला. १९६७ ते १९७० ही वर्षे यादवी युद्धात गेली. पुढे १९७३ नंतर जगात खनिज तेलाचे भाव भडकले आणि तेलाच्या विहिरी बाळगणाऱ्या या देशाच्या हाती पैसा खेळू लागला. १९७६ च्या सप्टेंबरात तिथल्या सरकारने सर्व मुलांसाठी मोफत प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू केली. लाखो मुले शाळेत आली. ही मुले सहा वर्षांनी माध्यमिक शाळेच्या दारात उभी राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. शाळेची इमारत वर्षात उठते. पदार्थविज्ञानाचा शिक्षक विटा-सिमेंटने घडत नाही. म्हणून घानातून, भारतातून, आणखी कुठून कुठून शिक्षक मागवण्यात आले.

मामा तेव्हा तालुक्याच्या गावी हायस्कुलात विज्ञान शिकवीत होते. घरावर कर्ज होते, धाकट्या मावशीचे लग्न व्हायचे होते. वर्तमानपत्रात जाहिरात आली, मुंबईला मुलाखत झाली, आणि १९७९ साली मामा कानोच्या विमानतळावर उतरले. शाळा तिथून मोटारीने दोनेक तासांवर. हिवाळ्यात सहारा वाळवंटावरून धुळीचा वारा यायचा. त्याला हरमॅटन म्हणतात. तो सुटला की मागच्या बाकावरच्या मुलाला फळा दिसेनासा होई. मुले मामांना 'मालम' म्हणत. हौसा भाषेत मालम म्हणजे गुरुजी.

"आणि प्रयोगशाळा?" मी विचारले.

"अगं, आमच्या तालुक्याच्या हायस्कुलाने स्वप्नात पाहिली नसेल अशी! भिंगे, तराजू, मीटर ब्रिज, गॅल्व्हानोमीटर, सगळे काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले. आणि कपाटाला हे एवढे कुलूप. मी पहिल्या दिवशी विचारले, मुले प्रयोग कधी करतात? भांडारप्रमुख म्हणाले, परीक्षेच्या वेळी."

गोष्ट अशी होती की प्रत्येक वस्तूची वहीत नोंद असे. वर्षअखेरीस तपासणी होई. वस्तू मोडली तर भरून कोण देणार? तेव्हा ती न मोडण्याचा खात्रीचा उपाय एकच, ती बाहेर काढायचीच नाही. आपल्याकडे अशा वहीला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. ज्याने हे नाव ठेवले त्याला दूरदृष्टी असली पाहिजे!

मामांनी मुख्याध्यापकांशी हुज्जत घातली, मोडतोडीची जबाबदारी लिहून दिली आणि किल्ली आपल्याकडे घेतली. दर शनिवारी सकाळी प्रयोगशाळा उघडी राहू लागली. पहिल्या शनिवारी एका मुलाने बहिर्गोल भिंग हातात घेऊन पुन्हा पुन्हा उलटेपालटे केले आणि तो म्हणाला, "मालम, हे मी चित्रात पाहिले होते." मामा सांगतात, त्या वर्षी दोन भिंगे फुटली, आणि पदार्थविज्ञान घेणारी मुले दुप्पट झाली.

ज्यांना हे ठाऊक होते

शाळेत वस्तू असणे वेगळे आणि ती मुलाच्या हाती पडणे वेगळे. नायजेरियात हे कोणालाच उमगले नव्हते असे मात्र कोणी समजू नये. तिथली माध्यमिक शाळांची परंपरा जुनी आहे. लागोसची सीएमएस ग्रामर स्कूल १८५९ साली निघाली, म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठानंतर दोनच वर्षांनी.

साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला विशेष कुतूहल आहे ते उमुआहियाच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे. कॉलेज नाव असले तरी ती माध्यमिक शाळाच, १९२९ साली स्थापन झालेली. चिनुआ अचेबे या शाळेचे विद्यार्थी. त्यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी १९५८ साली आली आणि जगभर गेली. कवी ख्रिस्तोफर ओकिग्बो आणि गॅब्रिएल ओकारा, कादंबरीकार एलेची अमादी, लेखक केन सारो-विवा हेही याच शाळेचे. एका शाळेच्या बाकांवरून इतके लेखक कसे उठले? अचेबे यांनी आपल्या आठवणींत याचे श्रेय शाळेच्या ग्रंथालयाला दिले आहे, आणि विल्यम सिम्प्सन या मुख्याध्यापकांच्या एका अजब नियमालाही. सिम्प्सन स्वतः गणिताचे. पण त्यांचा हुकूम असा की, आठवड्यातून काही दिवस संध्याकाळच्या ठरावीक वेळी पाठ्यपुस्तकाला हात लावायचा नाही! गोष्टी वाचा, कादंबऱ्या वाचा, काही करा. अभ्यासाचे पुस्तक दिसता कामा नये. पुस्तके पुष्कळ शाळांत असतात. ती वाचायला वेळ आणि मुभा देणारा मुख्याध्यापक दुर्मिळ.

दुसरे उदाहरण इबादानच्या सेंट तेरेसाज कॉलेजचे. १९५९ साली तिथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मनात आले की, शेवटच्या वर्षाच्या या साठ मुली शाळेतून बाहेर पडून करणार काय? त्यांनी निरनिराळ्या व्यवसायांतली माणसे शाळेत बोलावली आणि मुलींशी बोलती केली. साठांपैकी चोपन्न मुलींना कामे मिळाली. नायजेरियातल्या शालेय मार्गदर्शनाचा आरंभ इथून मानतात. पुढे १९७७ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाळेला समुपदेशक असावा हे तत्त्व आले. त्याआधी जे झाले ते मूठभर बायकांच्या काळजीतून झाले, आणि त्यासाठी एकही पेटी परदेशातून मागवावी लागली नाही.

तिसरे नाव ताई सोलारिन यांचे. इथे 'ताई' हे गृहस्थाचे नाव आहे. खाकी अर्ध्या विजारीत वावरणाऱ्या या शिक्षकाने १९५६ साली इकेने गावी मेफ्लॉवर स्कूल काढली. विटा पाडणे, शेत पिकवणे, शाळा उभारणे, सगळ्या कामाला विद्यार्थ्यांचेच हात. मामांना ही हकीकत तिकडे कोणीतरी सांगितली तेव्हा ते खुदकन हसले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात कमवून शिकलेल्या माणसाला हे नवे कसे वाटणार?

व्हरांड्यातल्या पेट्या

१९८२ साली नायजेरियात शिक्षणाची नवी मांडणी आली. सहा वर्षे प्राथमिक, तीन कनिष्ठ माध्यमिक, तीन वरिष्ठ माध्यमिक आणि चार विद्यापीठाची. कनिष्ठ माध्यमिकच्या प्रत्येक मुलाने हत्यारे नि यंत्रे हाताळावीत, असा त्यातला एक स्तुत्य हेतू होता. त्यासाठी पूर्व युरोपातून यंत्रसामग्री मागवून ती शाळाशाळांना पाठवण्यात आली.

मामांच्या शाळेतही लाकडी पेट्या आल्या. पण यंत्रे बसवायला कर्मशाळा नव्हती, चालवायला वीज नव्हती आणि शिकवायला माणूस नव्हता. दात नव्हते तेव्हा चणे आले! पेट्या व्हरांड्यात राहिल्या. पावसाळा आला, तसे त्यांच्यावर ताडपत्री पडली. मधल्या सुट्टीत मुले त्यांच्यावर बसून शेंगदाणे खात. मामा परत येईपर्यंत त्यांतल्या बऱ्याचशा उघडल्याही गेल्या नव्हत्या. ही एकट्या त्यांच्या शाळेची कथा नव्हे. देशभर कितीतरी शाळांत ती यंत्रे अशीच गंजली.

तोवर तेलाचे भाव उतरले होते. परकीय चलनाची चणचण सुरू झाली. बाहेरून येणारे सुटे भाग थांबले, पगार रखडू लागले. १९८६ साली देशाला आर्थिक पुनर्रचनेचा कडू काढा घ्यावा लागला आणि नायरा या तिथल्या चलनाची किंमत कोसळली. परदेशी शिक्षकांचा ओघ उलटा फिरला. मामा त्याच्या आदल्या वर्षीच परतले होते.

लागोसची शाळा

आता मी पाहिलेली शाळा. २०१८ साली लागोसला बहिणीच्या घरी जो मोटारचालक होता, त्याची मुलगी सरकारी माध्यमिक शाळेत शिकत होती. एके दिवशी तो एक बाक मोटारीच्या टपावर बांधताना दिसला. मी विचारले तर म्हणाला, "मॅडम, मुलीचे आसन." सरकारी शाळेत शिकवणीची फी नसली तरी बसायला बाक पुरतीलच असे नाही, पुष्कळ पालकांना तो स्वतः करवून द्यावा लागतो. मी त्याच्याबरोबर शाळेत जायचे ठरवले.

एकाच मोठ्या आवारात तीनचार शाळा होत्या. कनिष्ठ माध्यमिकचे मुख्याध्यापक निराळे, वरिष्ठ माध्यमिकचे निराळे. वर्गात मुले दाटीवाटीने बसलेली, पण गणवेश इस्त्रीचे. उपमुख्याध्यापिकाबाईंनी मला अगत्याने सगळे दाखवले. मीही शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी काही लपवले नाही.

ग्रंथालयात कपाटे होती, पण ग्रंथपाल असे कोणी नव्हते. इंग्रजीच्या एक बाई आपले तास सांभाळून आठवड्यातून दोनदा ते उघडत. संगणकाच्या खोलीत यंत्रे होती, त्यांवर फुलाफुलांच्या कापडाची आच्छादने होती. वीज केव्हा येईल याचा भरवसा नव्हता, आणि जनित्राला इंधनाचा खर्च. २०१५ पासून तिथली विद्यापीठाची प्रवेश परीक्षा सर्वस्वी संगणकावर होते. म्हणजे ज्या मुलाने संगणकाला कधी हात लावला नाही त्याचे भवितव्य त्याच यंत्रावर ठरायचे. मामांच्या भिंगाची मला आठवण झाली. ओसुन राज्याने २०१३ साली या अडचणीवर उपाय म्हणून विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके भरलेले छोटे संगणक वाटले होते. त्यांचे योरुबा नाव होते 'ओपॉन इमो', म्हणजे ज्ञानाची पाटी. नाव गोड, पण पाटीला पेन्सिल लागते, तशी या पाटीला वीज लागते.

समुपदेशक बाईंची खोली जिन्याखाली होती. आठशेवर मुलांना त्या एकट्या, आणि वर नागरिकशास्त्राचे तासही त्यांच्याकडेच. पण दार उघडे होते आणि बाहेर तीन मुली थांबल्या होत्या. मी विचारले, मुली काय विचारायला येतात? बाई म्हणाल्या, "कोणता विषय घेऊ हे क्वचित. आई आजारी आहे, घरी भावंडे कोण सांभाळणार, हे जास्त." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि मुलींच्या संडासाला आतून कडी बसवून घेतली. त्या महिन्यापासून मोठ्या मुलींचे खाडे कमी झाले." एका कडीने जे साधले ते एखाद्या परिसंवादाने साधले नसते.

गणिताच्या वर्गावर खाकी विजार आणि पांढरा बनियन घातलेला एक तरुण होता. तो 'कॉर्पर'. १९७३ पासून नायजेरियात असा नियम आहे की, पदवीधर तरुणाने एक वर्ष राष्ट्राची सेवा करायची, आणि तीही बहुधा आपल्या प्रांताबाहेर. त्यांतले पुष्कळजण शाळांवर नेमले जातात. त्या वेळी त्यांना महिना १९,८०० नायरा भत्ता मिळे. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शाळांत गणित आणि विज्ञान या वर्षभराच्या पाहुण्यांवर चालते. पाहुणा गेला की तास मोकळा, नवा पाहुणा येईपर्यंत.

पैशाचे कुलूप आणि नसलेले कुंपण

मग पैसा नाही म्हणून हे सगळे असे आहे का? निम्मे उत्तर होकारार्थी आहे. उरलेले निम्मे ऐकण्यासारखे आहे. २००४ च्या कायद्याने नायजेरियात प्राथमिकची सहा आणि कनिष्ठ माध्यमिकची तीन अशी नऊ वर्षे मोफत व सक्तीची झाली. त्यासाठी केंद्राच्या महसुली निधीतून दोन टक्के रक्कम बाजूला काढली जाते. अट अशी की, राज्याने आपला तेवढाच वाटा घालावा आणि मग केंद्राचा पैसा उचलावा. कित्येक राज्ये आपला वाटा घालीत नाहीत, आणि मंजूर झालेला पैसा वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. हेही एक कपाटच! पुढची तीन वर्षे तर या कायद्याच्या कक्षेबाहेरच. तिथे शाळेला आधार पालकसंघाच्या वर्गणीचा आणि माजी विद्यार्थ्यांचा. माजी विद्यार्थ्यांचे संघ मात्र त्या देशात मोठे जागरूक. वर्गखोल्यांची दुरुस्ती, ग्रंथालय, विहीर, असे पुष्कळ काही ते करतात. पण ज्या शाळेतून मोठी माणसे निघाली तिलाच हे भाग्य.

लागोस राज्याने २००९ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून एक वेगळा प्रयोग केला. पैसा वरच्या कचेरीत खर्च न करता सरकारी माध्यमिक शाळांच्याच हाती अनुदान म्हणून दिला, आणि काय घ्यायचे ते शाळेने ठरवायचे. उपमुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "त्या वर्षांत आम्ही प्रयोगशाळेसाठी जे मागितले ते आम्हाला हवे होते म्हणून मागितले. म्हणून ते वापरले गेले."

लागोस समुद्रकाठी, देशाच्या नैर्ऋत्येला. ईशान्येच्या टोकाला बोर्नो राज्य आहे. तिथल्या शाळांचे दुःख याहून निराळे. १४ एप्रिल २०१४ च्या रात्री चिबोक गावच्या सरकारी कन्याशाळेच्या वसतिगृहातून २७६ मुलींना बोको हराम या संघटनेच्या हत्यारबंद लोकांनी पळवून नेले. धोक्यामुळे त्या भागातल्या शाळा बंद होत्या. मुली आल्या होत्या त्या शालान्त परीक्षेसाठी. काहीजणी वाटेतच निसटल्या, काही पुढे सुटल्या. कित्येक आजही परतलेल्या नाहीत. शाळेच्या सोयींची यादी करताना आपण फळा, पुस्तके, भिंगे मोजतो. भिंत, फाटक आणि रात्रीचा पहारेकरी हीही शाळेची साधने आहेत, हे सारे जग त्या रात्री शिकले.

किल्ली

हे सगळे मी मामांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुला त्या किल्लीचे पुरते सांगितले नाही मी."

१९८५ साल. सुटे भाग मिळेनासे झाले होते. पाच गॅल्व्हानोमीटरांपैकी दोनच धड उरले होते. परीक्षेत ते लागणार. मधे बिघडले तर साऱ्या वर्गाची परीक्षा बुडणार. म्हणून ज्या मामांनी भांडून कपाट उघडले होते, त्यांनीच ते बंद केले. शनिवार थांबले.

"एक मुलगा होता. अबोल, पण हुशार. वर्षभर मागे लागला, मालम, एकदा जोडणी करून पाहतो. मी म्हणायचो, परीक्षेच्या दिवशी. ते भांडारप्रमुखांचेच शब्द, बघ! परीक्षेच्या दिवशी त्याच्यासमोर यंत्र आले. हात कापत होते. जोडणी चुकली, काटा सर्रकन एका टोकाला जाऊन अडकला. तो नुसता बघत राहिला. ना पुन्हा हात लावला, ना मला हाक मारली. वेळ संपेपर्यंत तसाच बसून होता."

"मग?"

"मग काय? पुढच्या महिन्यात माझा करार संपला. निघण्याच्या धांदलीत किल्ली खिशात राहिली. मुंबईला उतरल्यावर कळले. दुसरी किल्ली नव्हती. त्यांनी कुलूप तोडले असेल. तोडले असावे, एवढीच इच्छा आहे." मामा थोडे थांबले. "मी यंत्र सांभाळले गं. पण यंत्र कोणासाठी होते?"

मामींनी या खेपेस किल्ली मोडीत घालायचे नाव काढले नाही.

दिवाळीची सुट्टी संपून मी कॉलेजात गेले. आमच्या विभागात काचेचे एक कपाट आहे. कोणा गृहस्थांच्या घरून देणगीदाखल आलेली शे-सव्वाशे मराठी पुस्तके त्यात आहेत. काही आता बाजारात मिळत नाहीत. त्याची किल्ली नऊ वर्षे माझ्या पर्समध्ये होती. मुले मागत, आणि मी म्हणत असे, "यादी पुरी होऊ दे."

आता ती किल्ली कपाटाशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. खाली एक वही. पुस्तक नेणाऱ्याने नाव लिहायचे. आजवर दोन पुस्तके परत आलेली नाहीत, एकाचे मुखपृष्ठ निघाले, आणि एकावर कोणीतरी चहा सांडला. बाकीची मुलांच्या घरी आहेत.